माती मऊ करणारा

मंत्री यायचे असले की आदल्या रात्री मला निरोप येतो.
फावडं आण म्हणतात, कंदील नको.
आमची माती खाऱ्या चिखलाची, उन्हात वाळली की खापर.
मी हातभर चौकोन खणतो, ढेकळं चुरतो, पाणी मारतो,
वरून सगळं होतं तसं सारखं करून ठेवतो,
म्हणजे सकाळी साहेबांचं चकचकीत फावडं
पहिल्याच दणक्यात आत जातं
आणि फोटोत कपाळावर घाम दिसत नाही.

एरवी मी कबरी खणतो.
निदान तो खड्डा रिकामा राहत नाही.

पहिल्यांदा समुद्राच्या भिंतीचं काम काढलं तेव्हा
माझे दात शाबूत होते.
ती जागा आता दाखवता येणार नाही,
तिथे म्हातारा सेनानू होडीचा नांगर टाकतो.
दुसऱ्यांदा माडांपाशी. माड गेले.
तिसऱ्यांदा शाळेच्या अंगणात, सरकार दुसरं होतं,
फावडं तेच.
जिल्हा कचेरीच्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवतात,
मूठ सोनेरी आहे, पातं अजून कोरं.

त्या तिसऱ्या खड्ड्याचे साठ सेडी यायचेत.
बिल अक्र्याला गेलंय म्हणतात.

यंदा खणायला गेलो तर
डझिग्बोडी आधीच येऊन बसलेली, पालथ्या टोपल्यावर,
अंगाला धुरकट मासळीचा वास.
तिच्या नावाचा अर्थ धीर.
ऑगस्टमध्ये तिच्या स्वयंपाकघराची भिंत पाण्यात गेली,
चूल तेवढी उचलून आणली तिने, गरम होती तशीच.
ती म्हणाली, यंदा नको खणूस.
एवढंच.
मी फावडं खांद्यावर टाकलं आणि घरी येऊन झोपलो.
झोपलो कसला.

सकाळी मांडव, भाड्याच्या खुर्च्या, ढोल,
पाण्याच्या पिशव्या विकणारी पोरं.
साहेबांनी बाह्या सरसावल्या.
ठण्ण.
पुन्हा ठण्ण.
ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला.
मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं ते,
आणि मला वाटलं, आता.
आता कुणीतरी उठेल, विचारेल,
आधीच्या तीन भिंती कुठे आहेत, साहेब?
माझ्याही जिभेवर होतं.

एक पोरगं फिस्सकन हसलं.
मग साहेबही हसले, अगदी मनमोकळं,
माईक ओढून म्हणाले,
बघा, केवढी भक्कम जमीन तुमची!
हिच्यावर बांधलेली भिंत हजार वर्षं हलायची नाही.
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या. हात आपोआप उठले,
शाळेत घंटा झाली की उठायचे तसे.

डझिग्बोडीचे हात मांडीवरच होते.
संध्याकाळी ती पाण्याच्या कडेपासून उंबऱ्यापर्यंत चालली
आणि मासळी धुरवायच्या भट्टीवर कोळशाने आकडा लिहिला.
एकतीस.
वर जुने आकडे आहेत. अठ्ठ्याऐंशी आहे,
सत्तेचाळीस आहे, मधला एक पुसट झालाय.
मी विचारलं, कुणाला दाखवणार?
ती म्हणाली, कुणाला म्हणजे?
मला माझं माहीत असू दे की.

काल पुन्हा फोन.
आता विरोधातले येणार आहेत, त्याच मैदानात.
या खेपेला नीट मऊ कर, म्हणाला, पैसे रोख देतो.
मी हो म्हटलं नाही.
नाही म्हणायला तोंड उघडलं तर त्याने फोन ठेवलेला होता.

माझा बाप कबरस्तानाच्या खालच्या अंगाला आहे.
भरतीला लाट त्याच्या पायथ्याशी येते हल्ली.
पावसाळ्याआधी त्याला वर काढून
रस्त्यापलीकडे न्यायला हवं, एकट्यानेच,
हाडांना धक्का न लावता.
तिथली माती मऊ करावी लागणार नाही.