नेणारा

पतसंस्थेच्या हॉलात, वरच्या मजल्यावर,
पुण्याहून आलेले मोघे सर
भिंतीवर उजेड पाडून सांगत होते
पुढाऱ्यांचे प्रकार.
हुकूम सोडणारा. विचारून करणारा.
सगळं सोडून देणारा.
आणि एक, जो म्हणे आधी सेवक असतो.
आम्ही अकरा टोळ्यांचे अकरा मुकादम
सांगलीच्या यार्डातून तसेच उठून आलेलो,
खुर्च्यांच्या पांढऱ्या कापडावर
पाठीची हळद उमटवत.
चहा दोनदा झाला.

मग कागद वाटले. वीस प्रश्न.
तुमची शैली कोणती? खूण करा.

मला मुकादमी मिळून तो नववा दिवस.
माझ्या आधी मायाप्पा. जतकडचा बंडगर,
बोलायला कंजूष, तंबाखूला उदार.
एकवीस वर्षं टोळी त्याच्या नावानं ओळखली
आणि तो कधी पुढं चालला
असं मला तरी आठवत नाही.
थप्पीपासून ट्रकपर्यंत रांग लागली
की हा शेवटी.
एकदा विचारलं, तर म्हणाला,
"म्होरनं पाय दिसत न्हाईत रं कुणाचं."

कुणाचा गुडघा कुरकुरतोय,
कुणी रात्री उपाशी झोपलंय,
पोत्याखालच्या पावलांत त्याला वाचता यायचं.
सही मात्र अंगठ्याची.

चुकायचाही.
एका दिवाळीत दरवाढीच्या बैठकीत
तोंड उघडायच्या वेळी तो गप्प बसला.
पोत्यामागं चार आणे गेले आमचे.
ते मी अजून विसरलेलो नाही.

हरिपूरला तेव्हा पेवं होती,
पुरात जायची होती अजून.
जमिनीच्या पोटात हळद,
तोंड उघडून आतली हवा जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
त्या सकाळी कंदील तळाला जाऊन वर आला,
जळत.
सगळ्यांनी बघितलं, जळत.
मायाप्पा काठावर उकिडवा बसला,
वाकून वास घेतला
आणि म्हणाला, "आज न्हाई."

पायगोंडा शेटजी तापले.
सौदा अकराला, गाडी दारात.
आम्हीही तापलो, रोज बुडत होता.
रज्जाक म्हणाला, म्हातारा भ्याला.
मीही म्हणालो, त्याला ऐकू जाईल असं.
तो दोरी गुंडाळत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिला तोच उतरला,
वर आला सगळ्यांच्या नंतर,
भुवयांपर्यंत पिवळा.
आदल्या दिवशी काय झालं असतं
ते आजतागायत कुणाला माहीत नाही.
काही झालं नाही, एवढंच झालं.
आता याला खूण कुठं करायची?

त्या शनिवारी बुडालेला रोजही मिळाला.
आम्हाला वाटलं, शेटजींना पाझर फुटला.
परवा जुन्या वह्या माझ्याकडं आल्या,
रज्जाकच्या शमाच्या अक्षरातल्या.
त्या तारखेला आम्हा नऊ जणांपुढं हजेरी
आणि मायाप्पापुढं: उचल.
फिटायला पुढचे पाच महिने गेलेले.

मोघे सर शेवटी म्हणाले,
"नेता म्हणजे काय? नेणारा."
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
साठ किलोचं पोतं, दिवसाला दीडशे खेपा,
नेण्याबद्दल आम्हाला काय सांगणार!
सरही हसले, न समजून. भला माणूस.
कागद मी कोराच दिला,
नाव तेवढं लिहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी
मी रांगेत शेवटी उभा राहिलो.
पुढं नऊ पोती, अठरा पावलं,
फरशीवर हळदीत उठत, पुसत.
टक लावून बघत राहिलो ट्रकपर्यंत.
सगळी सारखीच दिसली.

मग आठव्या जागी कुणीतरी
जरासा डावीकडं कलला,
की मला वाटलं तसं?
मी पोतं सावरलं
आणि चाल थोडी कमी केली.