कायम

किट शाळेचं. शनिवारी न्यायचं,
सोमवारी परत, स्क्रू मोजून.
लॅपटॉप लोंढे सरांचा,
चार्जर काढला की मान टाकणारा.
सेल तेवढे आमचे, तपकीर गल्लीतले,
चारात एक बाद निघणार हे धरूनच घेतलेले.

आणि सॉफ्टवेअर फुकट, म्हणाली निशिगंधा.
फुकट म्हटलं की मी आधी मागे वळून बघते.
"अगं खरंच. लोकांनी मिळून केलंय."
कुठल्या लोकांनी?
ते तिलाही माहीत नाही.

दापोडीची आमची खोली, दहा बाय दहा.
पलंग भिंतीला उभा केला,
पिठाचा डबा ओट्यावर चढवला,
आणि शिफ्ट सुटताना खिशात राहून गेलेली
काळी इन्सुलेशन टेप
फरशीवर गोल फिरवली, जमेल तशी गोल.
गाडीने एवढंच करायचं:
ही रेघ सोडायची नाही.

पडद्यावर रंगीत ठोकळे.
निशी ते बोटाने ओढते, एकाखाली एक लावते.
जर
   काळं दिसलं
तर
   उजवीकडे
नाहीतर
   डावीकडे.
ठोकळ्याला खाच, खाचेत दात,
बसला की टक्.
हा आवाज मला ठाऊक आहे.
भोसरीत पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं,
कनेक्टर टक् म्हणाल्याशिवाय हात सोडायचा नाही.

मग तिने एक नारिंगी ठोकळा आणला,
मोठा, जबडा उघडलेला,
आणि सगळं जर-तर त्याच्या पोटात ढकललं.
वर लिहिलं होतं: कायम.

"हे कशाला?"
"म्हणजे थांबायचंच नाही.
आतलं पुन्हा पुन्हा करत राहायचं."

अठरा वर्षं केलं मी आतलं पुन्हा पुन्हा.
लाल, काळी, पिवळी. लाल, काळी, पिवळी.
सात महिने भरले की ब्रेक,
गेटपास जमा,
मग नवा नंबर, नवा ठेकेदार,
तेच टेबल, तोच स्टूल, त्याचा तोच डुगडुगता पाय.

ज्या कुणी हे मराठीत आणलं,
रात्रीचं बसून, बिनपगारी,
त्याला 'सतत' लिहिता आलं असतं,
'नेहमी' चाललं असतं.
त्याच्या घरात बहुतेक
या शब्दाची वाट बघत
कुणी डबा भरला नसेल.

निशीने हिरवा झेंडा दाबला.
गाडी रेघेकडे ढुंकूनही न बघता
जागच्या जागी डावीकडे गरगरली,
भोवऱ्यासारखी.
तिने ठोकळे मोडले, पुन्हा लावले,
पुन्हा मोडले.
साडेदहाला ओठ काढून म्हणाली,
"मला येतच नाही."

मी गाडी उताणी केली.
सेन्सरची वायर, टर्मिनलपाशी.
तांब्यावर नाही, रबरावरच दाबलेली.
वरून बघाल तर पक्की,
आत काही पोचत नाही.
असे पीस मी डोळे मिटून बाजूला काढते,
दिवसाला दोन-तीन तरी.

"तुझं जर-तर बरोबर आहे," म्हटलं.
"त्याला दिसतच नव्हतं."

पर्समध्ये पिवळीचा एक तुकडा होता.
दातांनी सोलला,
पक्कड शेजारच्या रिक्षावाल्या गुलाबभाऊंची.

मग चालली.
सरळ नाही चालली.
उजवीकडे चुकायची, डावीकडे सावरायची,
पुन्हा चुकायची,
रेघेच्या काठाकाठाने,
नवी सायकल शिकणाऱ्यासारखी.
मी म्हटलं, अशीच चालते का ही?
निशी म्हणाली, अशीच चालते.

ती बसल्या जागी झोपली.
गाडी बंद करायला एक बटण असतं,
तिने दाखवलं होतं.
पलंग पाडायचा होता, पहाटे पाचला उठायचं होतं.
मी म्हटलं, ही एक फेरी होऊ दे.
सेल संपेपर्यंत
मी असंच म्हणत होते.

सोमवारी किट परत गेलं.
स्क्रू बावीस, वायरी नऊ.
नवांतली एक आमच्या कंपनीची, पिवळी;
सरांच्या लक्षात आलं नाही.
टेप अजून फरशीवर आहे.
निघत नाही असं नाही.
मी तिच्यावरून झाडते.