शेरा

बाई आल्या तेव्हा शाळेत आम्ही सात जण,
त्यातले तीन हेगलंडच्या घरचे.
नॉर्थ डकोटात, आमच्या बाजूला,
शाळा म्हणजे गव्हाच्या रानात कुणीतरी विसरलेलं खोकं.
एक खोली, एक शेगडी,
आणि वाऱ्याला अडवायला फक्त तारेचं कुंपण.

अल्व्हिना ब्रेक्के. वय एकवीस.
पहिल्या दिवशी त्यांना शेगडी पेटवता येईना.
मी नऊ वर्षांचा. मीच दाखवलं,
कोळसा कसा रचायचा, फुंकर कुठून मारायची.
बाईंनी माझ्या वहीत हिरव्या शाईनं लिहिलं :
"ऑर्व्हिल. विस्तव : दहापैकी दहा."
उभ्या जन्मातले माझे ते एकमेव पैकीच्या पैकी.
अपूर्णांकांत मात्र मी शेवटपर्यंत अपूर्णच राहिलो.

लाल शाई त्या वापरत नसत.
लाल रंग त्यांनी दोराला बांधलेल्या चिंध्यांसाठी ठेवला होता,
शाळेच्या दारापासून संडासापर्यंतचा दोर,
हिमवादळात हात सुटू नये म्हणून.

मग त्या काउंटीच्या कचेरीत गेल्या,
तिथून बिस्मार्कला, राज्याच्या शिक्षण खात्यात,
अकराव्या मजल्यावर.
आई म्हणाली, बाई मोठ्या झाल्या.
वडील म्हणाले, आता कागदी घोडे.
आमचे खरे घोडे तोवर विकून झाले होते.

तिथून याद्या यायला लागल्या.
पटसंख्या सहा, बंद. पटसंख्या पाच, बंद.
खाली सही, ए. ब्रेक्के.
हेगलंडची म्हातारी चर्चमध्ये त्यांचं नाव निघालं
की रुमालानं ओठ पुसायची.

आमच्या शाळेची पाळी आली तेव्हा पोरं चार.
सगळे म्हणाले, इथं बाईंची पेन अडखळेल.

जानेवारी. उणे अठ्ठावीस.
चाचणी फेरीला बस मीच चालवत होतो.
सहा वाजून दहा मिनिटांनी
बाई फाट्यावर उभ्या, हातात थर्मास आणि घड्याळ.
मागच्या बाकावर बसल्या,
जिथली स्प्रिंग वर आली आहे तिथंच नेमक्या.
मी सांगणार होतो. नाही सांगितलं.
बेचाळीस मैल. हेगलंडचा नातू त्यांच्या कोटावर झोपला,
त्याची लाळ कोटावर गोठली, त्यांनी पुसली नाही.

परतताना जुन्या शाळेपाशी गाडी थांबवायला लावली.
"ऑर्व्हिल, शेगडी आता कोण पेटवतं?"
"तेलाची आहे, बाई. आपोआप पेटते."
"बरं," म्हणाल्या,
आणि बराच वेळ दाराकडे पाहत राहिल्या.
दोर नव्हता. खिळा होता.

सही त्यांनी केलीच.
पेन अडखळली असेल तर कागदावर दिसलं नाही.
फक्त खाली हिरव्या शाईत शेरा :
"एकाही मुलाचा प्रवास तासाच्या वर जाऊ नये.
फेरी लागते एक तास पस्तीस मिनिटं. मी बसून मोजली आहे."

शेऱ्याचा नियम झाला. दुसरी बस आली.
बाई निवृत्त झाल्या, मायनॉटला बहिणीकडे राहिल्या,
एका ऑक्टोबरात गेल्या.
त्यांना पुरून आलो त्याच्या पुढच्या वर्षी
पैसे नाहीत म्हणून दुसरी बस काढून घेतली.
नियम अजून आहे. पुस्तकात.

त्या चांगल्या होत्या की नाही, मला विचारू नका.
शाळा त्यांनी बंद केली. मोजलीही त्यांनीच.
दोन्ही गोष्टी एकाच बाकावर बसतात,
आणि स्प्रिंग दोघींनाही टोचते.

मी रोज फेरीच्या वहीत मिनिटं लिहितो, हिरव्या शाईनं.
अठ्ठ्याण्णव. शंभर. बर्फ असला की एकशे बारा.
वही महिन्याला खात्याकडे जाते.
कुणी वाचत नसावं, असं मला वाटायचं.

परवा एक पान परत आलं.
त्यावर छापील चिठ्ठी :
हिरवी शाई ग्राह्य नाही,
कृपया निळी किंवा काळी वापरावी.

मी निळ्या शाईनं पुन्हा लिहिलं.
आकडा तोच.