तीन मुकी अक्षरं

रात्री पावणेबाराला गिल्दास आला,
ओल्या रेनकोटासकट माझ्या टेबलाशी उभा राहिला.
बंदरातल्या वायरलेसवरचं शेवटचं बोलणं
त्यानं कान देऊन उतरवलं होतं:
बोटीवरचा ताफा ठीक आहे. इल राँत्र द्मँ.
'उद्या परततो,' असं त्यानं लिहिलं होतं. तो. एकटा.

'कोण परततो?' मी विचारलं.
'ताफा. पुल्लिंगी, एकवचनी. तुम्हीच शिकवलंत.'

शिकवलं खरं.
सव्वीस वर्षं या दैनिकात मुद्रितं तपासते आहे.
आमच्यात पोलीस म्हणजे बाई;
दंडुके तिनं चालवले, असंच छापावं लागतं.
सगळं जग जेवायला येतं
आणि व्याकरणापुरता तो एकटाच जेवून जातो.
लोकांचं तर विचारूच नका:
विशेषण आधी आलं तर बायका,
मागून आलं तर पुरुष.
यावर मी नव्या पोरांना हसवत आले,
कॉफी थंड होईपर्यंत.

पण त्या रात्री माझी पेन्सिल उचलेना.

कारण आमच्या भाषेत
तो परततो आणि ते परततात
कानाला एकच.
इल राँत्र. इल राँत्र.
फरक नुसता कागदावर:
सर्वनामाच्या शेपटाला एक अक्षर,
क्रियापदाच्या शेपटाला दोन.
तिन्ही मुकी.
वादळात, खरखरीत, माईकवर तोंड टेकवून
यान जाउएन जे बोलला
त्यात ती होती की नव्हती
हे समुद्रालाही सांगता आलं नसतं.

मी बोटं मोजली.
यान, ज्यानं अजून रंगाचे पैसे दिलेले नाहीत.
त्याचे दोन भाचे, एकाच्या तोंडात कायम बडीशेपेची गोळी.
स्वयंपाकी तुग्दुआल.
मालामीन सान्ये, जो दर शनिवारी
दाकारला फोन लावायला आमच्या गल्लीतून जायचा.
इंजिनावर एनोरा, बावीस वर्षांची;
ती तर कुठल्याच 'इल'मध्ये मावत नव्हती,
एकट्याच्याही नाही, सगळ्यांच्याही नाही.
आणि सातवा.
सातवा नवीन होता.
गिल्दासला नाव ठाऊक नव्हतं. मलाही.

नियमाचं पुस्तक हाताशी होतं, पानाला खूण घातलेली:
समूहवाचक नाम एकवचनी, म्हणून सर्वनामही एकवचनी.
मी ते बंद केलं.
ही तीन अक्षरं घातली.
ताफा ठीक आहे. ते उद्या परततात.

खालून छापखान्याचा फोन:
'मादाम, वचन चुकलंय.'
'हो,' मी म्हटलं. 'चुकू दे.'

उद्या आला. तो एकटाच आला, बोटीशिवाय.
परवाही.
हेलिकॉप्टरं गेली, रिकामी वळली.
धक्क्यावर कुटुंबं उभी होती;
कुटुंब आमच्यात ती असते,
म्हणून ती उभी होती, सात ठिकाणी,
एकमेकींकडे न बघता.

चौथ्या दिवशी क्लोतिल्द जाउएन कचेरीत आली.
पेपर घडी घालून, त्या ओळीवर अंगठा.
'मी रेडिओवर ऐकलं,' ती म्हणाली,
'तेव्हा मला तो एकटाच ऐकू आला. माझाच.
तुम्ही कुणाला विचारून इतके जण केलेत?'
'कुणालाच नाही,' मी म्हटलं.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली,
तिथं बघण्यासारखं काही नव्हतं,
माशांची खोकी, एक सायकल.
मग म्हणाली, 'राहू दे तसंच.'

दारापर्यंत जाऊन परत वळली.
'सातव्याचं नाव कुणी छापलं नाही.
माथ्युरँ गियो. त्याची आई लॉरियाँला शिवणकाम करते.
शेवटी एक त आहे.
बोलत नाही तो,
पण लिहा.'