गुरवालाही दिसू नये

लोक माझ्याकडे कौल लावायला येतात.
म्हैस सापडेल का, लेक नांदायला जाईल का,
होडी विकू की ठेवू.
पाषाणाला ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो.
उजवा पडला तर हो. डावा पडला तर थांब.
वीस वर्षं झाली.

माझ्या वैजूसाठी मात्र कधी लावला नाही.
पडला डावा तर काय करू, म्हणून.

चौथीत होती. खळ्यात आमसुलं वाळत होती,
त्यांच्यावरच कोसळली.
फ्रॉकवरचे लाल डाग बघून मला वाटलं रक्त.
मी देवळाची चावी तिच्या मुठीत कोंबली,
तिच्या आईने कांदा फोडला,
शेजारचा बाबल्या चप्पल घेऊन धावला.
तिघेही काही ना काही देत होतो.
कुशीवर कोणी वळवलं नाही.

आता एकोणीसची आहे.
कुडाळच्या दवाखान्यात लुर्दिन सिस्टर
सोळा पानांचं माहितीपत्रक घेऊन बसली.
मराठीच होतं, पण कुठल्या गावचं कोण जाणे:
यादृच्छिक. द्विअंध. प्रायोगिक गट.
तिने कागद उपडा ठेवला.
गुरवानू, तुमी कौल लावतास मां? मग ऐका.

नवी गोळी आहे. गुण येतो की नाही, आमकां म्हायत नाय.
म्हायत असता तर अभ्यास कित्याक?
अर्ध्यांना ती,
अर्ध्यांना तश्शीच दिसणारी कोरी.
जुनी औषधं सगळ्यांची चालूच, ती सोडायची नाहीत.
कोणाला कुठली, ते संगणक ठरवतो,
चिठ्ठ्या टाकल्यासारखं.

तुमकां दिसतां?
नाय.
डॉक्टरांक?
तेंकाय नाय. शेवटापर्यंत पाकीट बंद.

मी गप्प झालो.
इथे कोणी नाही म्हणून सांगतो,
वीस वर्षांत दोन-तीनदा,
बाई फारच रडत होती म्हणून,
उजवा कळा मी थोडा कमी भिजवला होता.
लबाडीने नाही. मायेने.
पाकीट बंद का ठेवतात
ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

वैजू नखाने पानाचा कोपरा दुमडत होती.
आधीच्या छोट्या अभ्यासात
काहींचे झटके निम्म्यावर आले, सिस्टरने वाचलं.
निम्मे म्हणजे?
महिन्याला सहा असतील तर तीन.
कुठले तीन, ते कळतं आधी?
नाही.
मग सुकतीला कालवं काढायला एकटी जाऊ शकेन?

सिस्टरने सोळाही पानं चाळली.
हे कोणी मोजलेलं नाही, म्हणाली,
आणि समासात पेन्सिलने लिहिलं:
कालवं. एकटी.

मी पेन उचललं.
तुमची नको, तिची सही.
वैजूने माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं.
नको म्हटलं तर?
उपचार आहेत तेच.
मधेच सोडलं तर?
सोडायचं. कारण सांगितलंच पाहिजे असं नाही.
पण गोळी मनानं बंद करू नको हां, आधी इथे ये.
मग घरी नेऊन वाचते, म्हणाली.

एसटीत खिडकीशी ती. बोट ओळीवर.
नांदगावच्या फाट्यावर विचारलं,
बाबा, द्विअंध म्हणजे?
म्हटलं, गुरवालाही दिसू नये असा कौल.
ती हसली नाही. पेन्सिलने खूण केली
आणि पान उलटलं.

चार दिवस झाले, तेराव्या पानावर आहे.
झटक्यांची वही तिने स्वतःकडे घेतली.
किती मिनिटं, काय करत होते, नंतर काय आठवलं.
आईचं अक्षर तिला लागत नाही म्हणते.
चावी खुंटीला आहे.

आज सकाळी एक जण आला, होडीचंच.
मी दोन्ही कळे सारखे भिजवले,
सारख्या बोटाने दाबले.
पाणी टपकत राहिलं.
बराच वेळ
कुठलाच पडेना.