एकशे ऐंशीवर

भुसावळला मालधक्क्यामागे
सुभान तडवींच्या दुकानाला पाटी नाही.
दाराला ओलं बारदान,
आत चहाच्या खोक्यांत, सरकीसकट कापसात
तीस-चाळीस वर्षं कुणी न पेटवलेले व्हॉल्व्ह.

मी यादी घेऊन गेले होते.
ईएल चौऱ्याऐंशी, चार नग. जुळणारे.
शक्यतो विलायती. शक्यतो खोक्यातले.
यादी त्यांनी चष्म्याशिवाय वाचली,
म्हणजे वाचली नाही.
"गाव कोनतं?"
चिनावल. घर मळ्यात, शेतीच्याच लाइनवर.
"मंग रातचं व्होल्टेज किती राह्यते?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
दोन वर्षं मी सोल्डरच्या धुरात डोळे चोळत
अँप्लिफायर बांधला, तेव्हा मीही नाही.
सांगितलं : बाराला लाइट येते.
मग केळीच्या मोटारी, एकामागून एक, शिवारभर,
आणि बल्बला कावीळ होते.
"दोनशे?"
कमी.
"एकशे ऐंशी?"
कधी कधी.
हं, म्हणाले, आणि पंखा बंद केला.

मे महिना. पंखा बंद.
कोपरावरून घाम टपकला तर ऐकू यावा, एवढं शांत.

आधी काच, दाराच्या उजेडात.
माथ्यावर आतून चांदीचा मुलामा हवा;
एकाचा दुधाळ झालेला.
"यानं श्वास घेतला," म्हणाले, आणि डबड्यात टाकला.
मी दुसऱ्यावरची धूळ पुसायला गेले
तर हात धरला. आकडे पुसतात.
आकडे गेले की कुनाचा कोन, सांगता येत नाही.

मग पेन्सिलीच्या रबराची टिचकी.
स्पीकरातून टण्ण, पितळी, लांबलेला.
तेवढ्यात दीपनगरच्या दिशेनं कोळशाची गाडी निघाली
आणि तो व्हॉल्व्ह कुणी न मारता वाजू लागला,
डब्यामागून डबा,
शेवटचा डबा गेल्यावरही थोडा वेळ.
मला तोच आवडला. मी किंमत विचारली.
"कान तिखट हाये त्याचा," सुभानभाऊ म्हणाले,
"म्हनूनच कामाचा नाही."

शेवटी डिमरस्टॅट.
विलायती जोडी लावली. सनईची तबकडी.
दोनशे तीसवर वाजवणाऱ्याचा ओठ ऐकू आला,
ओठावरचं पाणीही.
माझा हात पर्सकडे गेला होता, खरं सांगते.
त्यांनी काटा खाली आणला, सावकाश,
कुणाला झोपेत हलवू नये तसा.
दोनशेला ठीक.
नव्वदला सनई पातळ झाली.
ऐंशीला तिचा कागद झाला.
"कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्यात लई वाजले हे.
खोकं नवं, आत म्हातारा."

दुसरी जोडी बेंगलोरची.
सावद्याच्या कुठल्याशा मंडळाच्या भोंग्याच्या पेटीतून काढलेली,
एका व्हॉल्व्हचा आकडा अर्धा, एकाच्या पायाला बाक.
पूर्ण व्होल्टेजला साधीच. कडेला किंचित खरखर.
ऐंशीला आतली तार विटकरी झाली,
आवाज बसला,
पण उठून गेला नाही.

तिच्यासारखी अजून एक जोडी शोधायला
दुपार गेली. चार चहा.
वाटेत सहा व्हॉल्व्ह नापास, एक फुटला, माझ्याच हातून;
त्याचे पैसे त्यांनी घेतले.
विलायती खोकं निघताना मी पुन्हा उघडून पाहिलं.
ते पाहत होते. काही बोलले नाहीत.

आता बारा वाजून गेलेत.
अर्धा तास तापू द्या म्हणाले होते, दिला.
खोलीतला बल्ब मी काढून ठेवलाय,
चार तारांचा उजेड पुरतो.
सनई चालू आहे.
मध्येच नारिंगी रंग एक पायरी उतरतो,
आणि मला कळतं,
ही कोल्ह्यांची मोटार लागली.
मग आणखी एक पायरी.
ही भंगाळ्यांची.
बेंडाळ्यांची अजून बाकी आहे.