दही संपलंय

दही संपलेलं नाही.
भाजीच्या कप्प्यात, पालकाच्या जुडीखाली
एक किलोचा डबा मीच झोपवून ठेवलाय,
सीलसुद्धा न तोडलेला.

ईदच्या पाच सुट्ट्या.
गुदैबियातला दोन खोल्यांचा फ्लॅट
आणि नऊ माणसं:
पुलावर चार तास अडकून खोबरहून आलेले
दीर, जाऊ, त्यांची जुळी,
चिपळूणहून आलेले आई-अण्णा,
आम्ही तिघं.
दुसऱ्या बाथरूमचा फ्लश
सणाच्या आधीच रजेवर गेलाय.

शलाका म्हणते, तुमच्याकडे पोळ्या जाडच लागतात ना?
दीर विचारतात, अजून भाड्यानंच?
अण्णा टीव्हीचा आवाज वाढवतात.
निनाद हसतो. निनाद सगळ्यांकडे बघून हसतो.
आणि माझ्या कानामागे काहीतरी तडतडतं,
गॅस बंद केल्यावरही फुटत राहणाऱ्या
एखाद्या मोहरीसारखं.

तेव्हा मी म्हणते,
"दही संपलंय. आणते पटकन."

लिफ्टच्या आरशात
चेहरा पडला तर पडू देते.
तीन मजले. तेवढ्यात जेवढा पडेल तेवढा.

बाहेर हवा ओल्या टॉवेलसारखी.
वरच्या एसीचं पाणी ठिबकतंय,
त्याखाली एक मांजर, डोळे मिटून.
कोल्ड स्टोअरमध्ये हमजाची ईद
फोनच्या पडद्यावर चाललेली:
एक मुलगी नवा फ्रॉक गरकन फिरवून दाखवते.
"घर," तो म्हणतो.
"घर," मीही म्हणते, बोटानं वर दाखवत.

मग फ्रिजचं दार उघडून उभी राहते.
एकेका डब्यावरची तारीख वाचते,
मागच्या रांगेतल्यासुद्धा.
गार वाफ मानेवर येते.
दार लाव, असं हमजा कधीच म्हणत नाही.
नऊशे फिल्समध्ये
अकरा मिनिटं, आणि वर दही.

आता पालकाखाली तीन डबे आहेत.
दोनदा कढी झाली. काकडीची कोशिंबीर तर रोजच.
जुळी म्हणाली, पुन्हा कढी?

चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरले
तर आई ओट्यापाशी उभ्या,
पालक निवडत.
कप्पा उघडा.
तिन्ही डबे उघडे पडलेले,
अंघोळीच्या वेळी कुणी दार ढकलावं तसे.

मी काहीतरी म्हणणार होते.
त्यांनी देठ बाजूला काढले,
हात पुसले,
डब्यांवर दुधी आडवा ठेवला,
कप्पा गुडघ्यानं लोटला.
"ह्यांना सांगितलंय मी," त्या हळूच म्हणाल्या,
"दही संपलंय म्हणून.
आज मी जाते.
कुठं वळायचं तेवढं सांग."

डावीकडे, म्हटलं. मांजर दिसलं की पुढचं दुकान.

खिडकीतून पाहिलं तर
त्या दुकानापर्यंत गेल्याच नव्हत्या.
पदर खोचून
एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्याशेजारी उभ्या होत्या.
काहीच करत नव्हत्या.
बेचाळीस वर्षांच्या संसारात
त्यांना असं काहीच न करताना
मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांचा फोन ओट्यावरच राहिलेला.
बाहेरून अण्णांची हाक आली,
"अगं, कुठं राहिली ही?"

मी खिडकी लोटून घेतली.
"सणाचे दिवस," म्हटलं,
"दह्याला रांग असेल."